ओटी, पायरी आणि पाहुणा

पु. ल. देशपांडे यांच्या 'अंतू बर्वा' या व्यक्तिचित्रात एक लहानसा प्रसंग आहे. रत्नागिरीत वीज आलेली आहे आणि निवेदक अंतूशेटना त्यांच्या घरी ती आली की नाही, असे सहज विचारतो. अंतूशेटचे उत्तर मराठी वाचकाला तोंडपाठ आहे. जे घर उजेडात पाहण्यासारखे उरलेले नाही त्यात उजेड आणायचा तरी कशासाठी, असा त्याचा आशय. वाचक या जागी हसतो आणि हसता हसता गप्प होतो. आपल्या समीक्षेने या गप्प होण्याची नोंद 'कारुण्याची किनार' या ठरावीक शब्दांत करून विषय संपविलेला आहे. मात्र अंतूशेटचे उत्तर स्वतःच्या दारिद्र्याविषयी आहे तितकेच ते समोरच्या पाहुण्याच्या नजरेविषयीही आहे. घर पाहायला आलेल्या माणसाने किती पाहावे याचा निर्णय येथे घरमालक स्वतःकडे घेतो. दिवा लावायचा नाही, हा त्याचा अधिकार आहे.

मराठी गद्यात 'घरभेट' ही स्वतंत्र वाङ्मयप्रकार म्हणून ओळखली जात नाही. तरीही व्यक्तिचित्र, ललित निबंध, प्रवासवर्णन, आत्मचरित्र आणि काही प्रमाणात ग्रामीण कादंबरी या सर्वांच्या पोटात ती बसलेली आहे. एखाद्या आगळ्या माणसाची ओळख करून द्यायची तर त्याचे घर दाखवावे लागते. घराची पडझड, दारावरची पाटी, भिंतीवरच्या तसबिरी, झोपाळ्याची कुरकुर ही माणसाच्या स्वभावाची विस्तारित रूपे म्हणून वापरली जातात. माणूस 'वल्ली' असेल तर घरही वल्लीच असले पाहिजे, असा या लेखनाचा अलिखित संकेत आहे. 'व्यक्ती आणि वल्ली' (१९६२) मधील 'ते चौकोनी कुटुंब' हे तर सरळसरळ घरभेटीचेच चित्र आहे. तेथे प्रत्येक वस्तू आपल्या जागी असल्यामुळे पाहुण्यालाच जागा उरत नाही.

या संकेताची तपासणी करताना प्रश्न असा उभा राहतो की, पाहुणा म्हणून येणारा हा निवेदक घरात नेमका कोठपर्यंत गेलेला असतो? तो कोणत्या दाराने आला? त्याला बसायला काय दिले गेले? हे प्रश्न वरवर किरकोळ वाटतात. पण मराठी घराची रचनाच अशी आहे की या प्रश्नांची उत्तरे माहीत झाल्याखेरीज निवेदकाची दृष्टी कोठून सुरू होते आणि कोठे संपते, हे ठरविता येत नाही.

घराच्या काव्यात्मतेविषयी बोलताना आपल्याकडे फ्रेंच विचारवंत गास्तों बाशलार याचा आधार घेतला जातो. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अवकाशाच्या काव्यशास्त्रावरील ग्रंथात घर उभे आहे. तळघर खाली, माळा वर आणि मधल्या जिन्यावरून स्मृतीची ये-जा. तळघरात भय असते, माळ्यावर स्वप्ने असतात. हे विवेचन मोहक आहे यात शंका नाही; परंतु ते जसेच्या तसे उचलून कोकणातल्या घराला किंवा देशावरच्या वाड्याला लावले की अडचण येते. आपले घर उभे नसून आडवे आहे. अंगण, पायरी, ओटी किंवा सोपा, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, परसू अशी ती एकामागून एक येणारी उंबऱ्यांची मालिका आहे. वाड्याला दिंडी दरवाजा, देवडी आणि चौक अधिक. यातील प्रत्येक उंबरा कोणीतरी ओलांडू शकतो आणि कोणीतरी ओलांडू शकत नाही. परका पुरुष सोप्यावर, आप्त माजघरात, सोवळ्यातला माणूस देवघरात, शेजारीण परसदारी. ज्यांना अंगणातही पाय ठेवता येत नसे, ते बाहेर. बाशलारचे घर एकट्या माणसाच्या मनाचे रूपक होऊ शकते. आपले घर आधी समाजाचा नकाशा असते आणि मन त्यात वाट काढीत असते. दुसरे असे की, बाशलारच्या घरात कोणी पाहुणा येत नाही. तो स्मरण करणाऱ्या रहिवाशाचा ग्रंथ आहे. आपल्या व्यक्तिचित्राचा जन्मच पाहुण्यापासून होतो.

भाषेनेही या गोष्टीची खूण ठेवलेली आहे. 'पाहुणा' या शब्दाचे नाते संस्कृत 'प्राघुण'शी जोडले जाते, 'पाहणे' या क्रियापदाशी नव्हे. तरीही कानाला ती जोडी लागतेच, आणि व्यक्तिचित्रकाराच्या बाबतीत तरी कान फारसा चुकत नाही. 'यजमान' हा शब्द अधिक बोलका आहे. मूळ अर्थ यज्ञ करविणारा. मराठीत तो पाहुणचार करणाऱ्यालाही लागतो आणि स्त्री तो आपल्या नवऱ्यासाठीही वापरते. घर दाखविण्याचा अधिकार आणि घरातल्या स्त्रीवरचा अधिकार यांना एकच शब्द पुरावा, हा योगायोग मानून सोडून देण्यासारखा नाही. मराठी घरभेटीत निवेदक बोलतो तो यजमानाशी. चहा, पोहे, ताक आतून येते. आणणाऱ्या हाताला पुष्कळदा नाव नसते, असलेच तर ते नात्याचे असते. 'व्यक्ती आणि वल्ली' मधील वल्ली बहुतेक सारे पुरुष आहेत याची चर्चा स्त्रीवादी अंगाने होऊ शकते; पण त्याचे एक सरळ कारण वास्तुरचनेतही आहे. निवेदक ओटीवर बसलेला आहे, आणि ओटीवर भेटतो तो पुरुष.

येथे 'अंतू बर्वा' शेजारी दुसरे एक पुस्तक ठेवावेसे वाटते. उर्मिला पवार यांचे 'आयदान' हे आत्मकथन २००३ साली प्रसिद्ध झाले. त्यांचा जन्म १९४५ चा. गाव फणसवळे, रत्नागिरीच्या जवळचे; पुढे मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंब रत्नागिरीत आले. म्हणजे ज्या गावाच्या आळीत अंतूशेट आणि त्यांचे समवयस्क जगाचा निकाल लावीत बसत, त्याच गावात, जवळजवळ त्याच काळात, एक लहान मुलगी आईने विणलेली बांबूची आयदाने घेऊन घरोघर जात होती. या मुलीनेही घरे पाहिली. तिला पायरीशी उभे राहावे लागे. आयदानांवर पाणी शिंपडून मगच ती आत घेतली जात, आणि पैसे तिच्या हातात वरून टाकले जात, स्पर्श होऊ नये म्हणून. रत्नागिरीतल्या घरांचे हेही घरभेटीचेच वर्णन आहे. त्यात झोपाळ्याची कुरकुर नाही. यजमानाचे चमकदार बोलणे नाही. पायरी आहे, पाण्याचे शिंतोडे आहेत आणि वरून पडणारे नाणे आहे.

हे दोन पाठ शेजारी ठेवण्यामागे हेतू कोणता, हे स्पष्ट केले पाहिजे. कारण अशा तुलनेचा सोपा उपयोग आपल्याकडे बराच झालेला आहे. पु. लं.नी ती मुलगी का पाहिली नाही, असा आरोप येथे करावयाचा नाही. लेखकाने जे लिहिले नाही त्याचा जाब विचारणे ही समीक्षेची आळशी रीत आहे, आणि अंतू बर्व्याचे चित्र त्या जाबाने तसूभरही उणे होत नाही. मुद्दा निवेदनस्थानाचा आहे. ओटीवरून घर पाहणाऱ्याला आतले दिसत नाही हे तो जाणतो. अंतूशेटने दिवा न लावता त्याला ते जाणवूनही दिले आहे. परंतु ओटीवरून पाहणाऱ्याला ओटीच्या *खालचे* दिसत नाही, आणि ते दिसत नाही हे त्याला जाणवत नाही, कारण त्याची पाठ तिकडे आहे. 'आयदान' मधील मुलगी समोरून पाहते आहे. तिला पायरी दिसते, ओटीवरचा माणूस दिसतो, आत घेऊन जाणारी बाई दिसते. त्या घराची रचना तिला यजमानापेक्षा आणि त्याच्या पाहुण्यापेक्षा अधिक नेमकी कळलेली आहे. कारण त्या रचनेतील प्रत्येक उंबरा तिच्यासाठी अर्थपूर्ण आहे. पाहुण्याला उंबरा म्हणजे ओलांडायची गोष्ट. तिला तो वाचायचा मजकूर आहे.

मग त्या दोन घरांतले दैन्यही निराळे दिसू लागते. अंतूशेटची कौले गळकी आहेत आणि गरिबी खरी आहे. पण ती गरिबी झाकण्याचा अधिकार त्यांच्यापाशी शिल्लक आहे. ज्या वस्तीत कोणीही, केव्हाही, शिपाई असो की मुकादम, सरळ आत येऊ शकतो, तेथे 'दिवा लावणार नाही' असे म्हणण्याला अर्थ उरत नाही. दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) मधील कावाखाना आठवावा. मुंबईतल्या त्या दाटीत घर आणि बाहेर यांच्यामध्ये आडोसाच फारसा नाही. तिथे उंबरा हा शब्द वापरताना लेखणी अडखळते.

'बलुतं'ची रचनाही या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार यांना सांगतो, अशी तिची चौकट आहे. या द्विधेपणाची चर्चा व्यक्तिमत्त्वाच्या दुभंगाच्या अंगाने झालेली आहे आणि ती रास्तही आहे. तथापि ही चौकट घरभेटीचीही आहे, इकडे लक्ष गेलेले दिसत नाही. शिकलेला, पांढरपेशा झालेला एक माणूस आपल्याच जुन्या घरी पाहुणा म्हणून आलेला आहे आणि तेथला रहिवासी, म्हणजे तो स्वतःच, त्याला घर दाखवीत फिरतो आहे. दाखवू की नको, असा संकोच दोघांनाही आहे. दाखविले तर आतल्यांची बेअब्रू, न दाखविले तर लिहिण्यालाच अर्थ नाही. पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर त्याच्यावर दोन्ही बाजूंनी टीका झाली, हे या पेचाचेच प्रत्यंतर म्हणता येईल. आपल्याच घरावर दिवा धरणाऱ्याची स्थिती अंतूशेटच्या नेमकी उलट आहे, आणि त्याची किंमत अधिक आहे.

पाहुणा किती दिवस राहिला म्हणजे पाहुणा राहत नाही? व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) हा प्रश्न सोडविते असे नाही, पण तो तिने प्रामाणिकपणे मांडला आहे. कोवळ्या वयाचा मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो. त्याला कोणी बोलावलेले नाही आणि शाळाही कोणाला नको आहे. ग्रामीण महाराष्ट्रात अनोळखी माणसालाही 'पावणं' म्हणून हाक मारतात. त्या हाकेत आदर असतो आणि अंतरही असते. ते अंतर मास्तर कामाने कमी करतो. अर्ज लिहितो, भांडणे मिटवितो, तालमीची कल्पना काढतो. तालीम उभी राहते, तिच्या उद्‌घाटनाला औंधचे राजेसाहेब येतात. त्या समारंभी पाहुणेपणाने वाडी क्षणभर स्वतःला मोठी वाटू लागते. पुढे दुष्काळ पडतो, माणसे मेंढरे घेऊन निघून जातात आणि वाडी ओस पडते. कादंबरीच्या शेवटी यजमानच उठून गेलेले आहेत. माडगूळकरांच्या निवेदनातील संयम येथे फार उपयोगी पडला आहे. एखाद्या हळव्या लेखकाने या जागी रिकाम्या घरांवर पाने खर्च केली असती. 'माणदेशी माणसं' (१९४९) मध्ये जी भेटीची दृष्टी होती ती येथे वास्तव्याची होते, आणि तरीही मास्तर अखेरपर्यंत बाहेरचाच राहतो, हे कादंबरी लपवीत नाही.

आतून लिहिलेल्या घराचे उदाहरण म्हणून लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा उल्लेख अपरिहार्य आहे. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्रात सुरुवातीलाच वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन येते. घरात आलेला प्रत्येक जिन्नस धुऊन घेण्याचा त्यांचा अट्टहास, आणि त्यापायी घरच्यांची झालेली त्रेधा. एखाद्या पाहुण्याने हेच घर पाहिले असते तर मराठी वाङ्मयाला आणखी एक 'वल्ली' मिळाली असती. विक्षिप्त, मजेदार, चार घटका हसविणारी. लक्ष्मीबाईही हसवितात, पण त्यांच्या विनोदाला राहण्याची किंमत मोजलेली आहे. पाहुणा संध्याकाळी आपल्या घरी जातो. मुलीला तेथेच निजायचे असते. विक्षिप्तपणाचे सौंदर्य अंतरावर अवलंबून असते. वल्ली ज्याच्या घरात आहे त्याला ती वल्ली वाटत नाही, हे सत्य आपल्या व्यक्तिचित्रांनी सोयीस्करपणे ओटीवरच ठेवले.

महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'ने पाहुणेपणाचा हा प्रश्न पार उलटा करून टाकला. १९८५ मध्ये विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आलेले हे नाटक विदर्भातील धरणगावच्या देशपांडे घराण्याचे. तात्याजी गेले आहेत आणि मुंबईचा मुलगा सुधीर बायकोसह आला आहे. उशिरा येऊन पोचलेला हा मुलगा आपल्याच वाड्यात पाहुणा आहे. त्याच्यापाशी जी गोष्ट मागायची ती उघड मागता येत नाही, आणि त्याला जी हवी आहे ती त्यालाही. दिवसकार्याचा खर्च कोणी करायचा या प्रश्नावर सारा कुळाचार येऊन ठेपतो. अंजलीची नजर तर दुहेरी परकी. ती सून आहे आणि शहरातलीही आहे. मोडका ट्रॅक्टर दारात गंजत उभा आहे आणि येणारा-जाणारा त्याला ठेचकाळतो. आतून आंधळ्या काळाला चाचपडत असल्यासारखा दादीचा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, किती वाजले म्हणून.

या नाटकाच्या रचनेतील एक गोष्ट मात्र रंगमंचावरच कळते. परंपरेने परक्या पुरुषाला जे माजघर कधीच दिसत नव्हते तेथे एलकुंचवार प्रेक्षकाला नेऊन बसवितात. चौथी भिंत काढली जाते ती नेमकी सोपा आणि माजघर यांच्यामधली. रात्री अंगावर दागिने चढविलेली वहिनी आपण पाहतो. वाड्यातल्याही सर्वांनी ते दृश्य पाहिलेले नसते. प्रेक्षकाला तेथे असण्याचा अधिकार कोणी दिला? नाटक हा प्रश्न विचारीत नाही, पण त्या प्रसंगी प्रेक्षागृहात जी अस्वस्थ शांतता पसरते तिच्यात तो असतो. पुढे तेच दागिने घेऊन रंजू निघून जाते तेव्हा लाज कोणाची उघडी पडली, वाड्याची की आपल्या पाहण्याची, हे सांगणे कठीण होते. 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' मिळून झालेली त्रिनाट्यधारा १९९४ मध्ये सलग सादर झाली. त्या दीर्घ प्रयोगात प्रेक्षकही पाहुण्याची मर्यादा ओलांडून राहायलाच आल्यासारखा होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल; परंतु एका बैठकीची भेट ती नव्हती.

तरीही या वाड्याविषयी एक तक्रार नोंदविली पाहिजे. वाड्याच्या पडझडीचे दुःख नाटकात अस्सल आहे. मात्र तो वाडा उभा कोणाच्या कष्टावर राहिला, त्याच्या दिंडी दरवाजापासून किती अंतरावर कोणाला उभे राहावे लागत होते, याची चाहूल तेथे क्षीण आहे. पहिल्या नाटकापुरते हे समर्थनीय आहे, कारण त्या कुटुंबाची नजरच तेथवर जात नाही, आणि न जाणे हाच त्यांच्या ऱ्हासाचा भाग आहे. अडचण येते ती आपल्या रसग्रहणात. 'वाडा संस्कृतीचा अस्त' हे शब्द आपण ज्या हळहळीने उच्चारतो तिच्यात आपणही सोप्यावर बसलेले पाहुणे असतो. पुण्याच्या गंज पेठेतील फुले वाडा हाही वाडाच. १८६८ साली जोतीरावांनी घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तेव्हा घराच्या आतले पाणी बाहेरच्यांसाठी मोकळे झाले. उंबऱ्याचे व्याकरणच त्या कृतीने बदलले. वाडा संस्कृतीवरील चर्चेत ही वास्तू क्वचितच येते. ती आपण समाजसुधारणेच्या खात्यावर टाकलेली आहे.

आज घरे पाहण्याला निराळेच रूप आलेले आहे. जुनी घरे आणि वाडे दुरुस्त होऊन तेथे पर्यटक उतरतात, माजघरात पानावर जेवतात, परसात छायाचित्रे काढतात. मालगुंडला केशवसुतांचे घर स्मारक म्हणून जपले आहे. तेथे गेलेला वाचक कवीचे घर पाहतो म्हणजे काय पाहतो, हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल. स्मारकात यजमान नसतो, त्यामुळे कोणताही उंबरा अडवीत नाही. आणि उंबरा अडवीत नाही म्हणून तो दिसतही नाही. विद्यापीठांतील संशोधकाची स्थिती फारशी वेगळी नाही. क्षेत्रकार्यासाठी, मुलाखतीसाठी तो घरोघर जातो, ध्वनिमुद्रण करतो, पुढे प्रबंधात त्या घराचे वर्णन एका परिच्छेदात करतो. त्याला खुर्ची कोणी आणून दिली, ती शेजारून मागून आणलेली होती काय, तो येणार म्हणून काय झाकून ठेवले होते, हे प्रबंधात येत नाही. ते येणे पद्धतिशास्त्राच्या दृष्टीनेही आवश्यक आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

'आयदान'कडे पुन्हा वळून एवढेच नोंदवावयाचे आहे की, त्या पुस्तकात घरे दोन प्रकारची आहेत. एक, जिथे मुलगी आयदाने पोचवायला जाते. दुसरे, जिथे आई ती विणीत बसलेली असते. पहिल्या घरांचे वर्णन पायरीपर्यंत येऊन थांबते, कारण लेखिकेला तेथवरच जाऊ दिलेले होते, आणि तिने न पाहिलेले आत कल्पनेने भरलेले नाही. दुसऱ्या घरात वाचकाला ती आत नेते. आई मान खाली घालून विणते आहे, बेळ हातात आहे, आणि वाचक तेथे आला आहे म्हणून ती उठत नाही.